घे म्हनल्याबिगर

माजं नाव सगुना. माहेर संगमनेरच्या वरल्या अंगाला डोंगराच्या कडंला, आनि दिलं पारनेरच्या माळावर. दोन्हीकडं मेंढरंच, म्हंजी लगीन झालं तरी डोळ्याम्होरचं काय बदललं न्हाई, कुनाच्या मेंढरामागं चालायचं तेवढं बदललं. दिवाळी झाली की आमी खाली उतरतो, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, भांडी, कोंबड्या, लेकरं समदं त्याच्यावर, आनि प्रवरेच्या पाटाच्या वल्या मुलखात यायचं. हितं देवळालीत ऊस तुटला की रान मोकळं व्हतं, मग रानाचा मालक म्हनतो मेंढरं बसवा आमच्यात, लेंड्यांचं खत व्हतं, त्ये आमाला बाजरी-जवारी घालतात. तुमी त्यांच्याच घरी पाव्हन्या आलाय न्हवं, म्हनून तर आपली गाठ पडली. बसा की बाई त्या घोंगडीवर. ही कुत्री काय करत न्हाई, लहान हाय अजून, निस्ती हुंगती.

व्हय, मीच शिकवती तिला. शिकवती म्हंजी काय, आमचा बा करायचा तसं करती. आमचा बा कुत्र्यावर कधी हात न्हाई उगारायचा. त्याचं म्हननं, मारलेलं कुत्रं काठीचं व्हतं, मानसाचं न्हाई व्हत, काठी नसली की त्ये बी नसतं. डोळं उघडलं की पिल्लू कोकरांत नेऊन ठिवायचा, दुधाच्या मेंढीला लावायचा, मग पिल्लाला वाटतं हेच आपलं गनगोत. मग भाकरी. मुठीत तुकडा धरायचा, पिल्लू मूठ चाटतंय, ओरबाडतंय, उघडायची न्हाई, रागवायचंबी न्हाई. दमून खाली बसलं आनि आपल्या तोंडाकडं बघाय लागलं की घे म्हनायचं अन मूठ उघडायची. हाक मारल्यावर आलं तर घास, न्हाई आलं तर कायच न्हाई, शिवी न्हाई का धोंडा न्हाई. कोकरामागं खेळ म्हनून जरी पळालं तरी आपन पाठ करून बसायचं. काय सांगू तुमाला, कुत्र्याला पाठ फिरवल्याचं जेवढं लागतं ना, तेवढं माराचं न्हाई लागत. मानसाचंबी तसंच हाय म्हना.

सासरी आले तर तिथं समदं उलटं. सासू मी यायच्या आधीच गेल्ती, घरात सासरं आनि आमचं मालक, तिसरी मी. सासऱ्यांना आमी मामा म्हनतो. मामांचा एक कुत्रा हुता, वाघ्या, काळा, दांडगा, कान कापलेला. आमच्यात कान कापतात पिल्लाचं, म्हनतात त्याबिगर कुत्रं तिखट व्हत न्हाई, लांडग्याच्या तोंडाला कान लागत न्हाई. भाकरीत मिरची कालवून घालायची, काठीनं हानायचं, आनि घास कसा, तर लांबून फेकायचा, म्हंजी झेप घेतंय. वाघ्या तसाच वाढलेला. मामा उठलं की त्यो आधी काठी कुठं हाय त्ये बघायचा आनि मग शेपूट हालवायचा.

वरसाच्या आत मालकांनी एक पिल्लू आनलं, मातीच्या रंगाचं, मी त्याला भुऱ्या म्हनाय लागले. मामा इळा घेऊन कान कापाय आलं. आता सुनंनं सासऱ्यापुढं बोलायचं न्हाई, डोईवरचा पदर ढळू द्यायचा न्हाई, ही आमची रीत. मी काय केलं, पिल्लू पदरात घेतलं आनि त्यालाच म्हनलं, का रं बाबा, तुजं कान कुनाला नडलं, तुज्या कानावर कुनाचं पोट चाललंय का. मामा उभं ऱ्हायलं. मग त्येबी पिल्लालाच म्हनलं, सांग तुज्या बाईला, लांडगा आला म्हंजी बघू तुजी मर्दुमकी. आनि गेलं. तवापास्नं आमची तीच तऱ्हा पडली. लेकी बोले सुने लागे म्हनतात, आमच्या घरात कुत्र्या बोले सासऱ्या लागे.

भुऱ्याला मी बाच्या रीतीनं वाढवलं. कुनाची दुरडी उघडी पडली तरी तोंड घालायचा न्हाई, भुईवर पडल्यालं उचलायचा न्हाई, म्होरं बसून माज्याकडं बघायचा, घे म्हनलं की खायचा. मेंढरांच्या वाड्यावरची बायामानसं लई हसायची, आमच्या सगुनाचं कुत्रं सवळ्यात जेवतं म्हनायची. हसा म्हनलं. एकदा माळावर लांडगा आला तवा वाघ्या म्होरं गेला आनि ह्यो कळपाभवती फेर धरून उभा ऱ्हायला, एक कोकरू फुटू दिलं न्हाई. वाघ्या लढनारा आनि ह्यो राखनारा. पर मामा वाघ्याचंच गुन गायचं, भुऱ्याला म्हनायचं बाईलबुद्ध्या.

मग त्यो दुस्काळ आला. तुमाला ठावंच हाय. माळावर काडी ऱ्हायली न्हाई, मेंढरं एकमेकीची लोकर खायाची. मालक सरकारी कामावर खडी फोडाय गेलं, मेंढरामागं मामा आनि मी. आमी पाटाच्या कडंला हितंच येऊन पडलो, ह्या रानात न्हाई, पार पलीकडल्या शिवंला. तवा कोल्ह्यांनाबी काय मिळंना, त्यांनी उसात धुडगूस घातला हुता. तिथल्या एका बागाईतदारानं बांधावर मटनाचं तुकडं टाकलं हुतं, इख लावून, कोल्ह्यासाठी. आमाला बसा म्हनून त्यानंच सांगितलं आनि इखाचं सांगायचं इसरला, का गडी सांगंल म्हनला आनि गडी म्हनला मालकानं सांगितलं आसंल. कुनाला बोल लावायचा.

सकाळची येळ, मामा मेंढरं हाकत म्होरं, मी मागं. वाघ्यानं एक तुकडा उचलला आनि गिळला बी. भुऱ्याला दुसरा घावला. बाई, दोन दोन दिस त्या कुत्र्याच्या पोटात अर्धी भाकर जायाची, बरगड्या मोजून घ्याव्यात आसा झाल्ता, तोंडातनं लाळ गळतीया, आनि त्यो तुकड्याम्होरं बसून माज्याकडं बघतोय. माजा जीव तुटला. म्हनलं कुनी टाकलंय का घारीच्या तोंडातनं पडलंय देवाला ठावं, खाऊ दे गरिबाला. घे माज्या जिभंवर आलं हुतं. तेवढ्यात म्होरं वाघ्याचं मागलं पाय लटपटलं आनि त्यो कलंडला. माजं तोंड तसंच उघडं ऱ्हायलं. मी भुऱ्याला निस्ती हाक मारली, चल म्हनलं, आनि त्यो उठून आला, मागं वळून वळून बघत, पर आला.

वाघ्याला मिठाचं पानी पाजलं, ताक आनून पाजलं, काय उपेग झाला न्हाई. उन्हं डोईवर यायच्या आत गेला. मामांनी त्याला पाटाच्या कडंला पुरला आनि त्या दिशी भाकरीला हात लावला न्हाई. भुऱ्याकडं लई येळ बघत बसलं.

आता ह्याच्यात एक अडचन. मला तवा दिस गेल्यालं, पयलं बाळतपन, म्हंजी माहेरी जायाला पायजे, आमच्यात पयलं माहेरीच. बा न्ह्यायाला येनार. मालक खडीवर. उन्हाळ्यात मेंढरं परत माळावर न्ह्यायाची आनि तिथं लांडगा भुकंनं पिसाळलेला. वाघ्या गेला. ऱ्हायला भुऱ्या, त्यो माज्या हातचं खानार. मामांनी भाकरी फेकली, त्यो हुंगंना. मामा घे रं म्हनून वरडलं, त्यो चार पावलं मागं. मामांनी काठी उचलली, त्यो माज्या पाठीमागं. मला रडू आलं. मी गेल्यावर ह्यो उपाशी मरंल न्हाईतर माज्या मागं संगमनेरला यील, आनि हिकडं म्हातारा एकला, मेंढरांचा फडशा. ज्येनं ह्याचा जीव वाचला तेच आता ह्याच्या गळ्याशी आलं.

मग मी भुऱ्यालाच सांगाय लागले. म्हनलं, भुऱ्या, आमच्या मामांना म्हनावं काठी लांब ठिवा. भुऱ्या, त्यांना म्हनावं अंगावर येऊ नका, पाठ करून बसा, भाकरी तळहातावर ठिवा आनि तिकडं बघूच नका. मामा भडकलं. भुऱ्याला म्हनलं, सांग तुज्या बाईला, माजं केस मेंढरामागं पिकलं, मला कुत्रं शिकवती का. पर दुसऱ्या दिशी काठी बाभळीला टेकवून ठिवली त्यांनी, लई लांब न्हाई, हात पुरंल आशी. मी लगीच च्या केला, दुस्काळातला गुळाचा च्या, आनि गूळ जरा जास्तीच टाकला. तिसऱ्या दिशी परत काठी हातात दिसली, तर म्या म्हनलं चूल पेटंना बाई आज. आता हसता का तुमी. मामांना अजून ठावं न्हाई. तुमी ह्ये लिवून घेताय त्ये घ्या, पर त्यांना वाचून दावू नका.

तर सांगायचं म्हंजी कुत्र्याला शिकवायला येळ न्हाई लागला, म्हाताऱ्याला लागला. हळूहळू काठी बिऱ्हाडात ऱ्हायली. आवाज खाली आला. रोज सांजच्याला मामा मेंढराकडं तोंड करून उकिडवं बसायचं, मागं हात, हातावर तुकडा. भुऱ्या लांब बसायचा, मग जरा जवळ, मग हात हुंगून परत लांब. मी भाकरी थापायची आनि वरती बघायची न्हाई, बघितलं की भुऱ्या माज्याकडं बघायचा. बा मला न्ह्यायाला आला, त्यो म्हनला चल, मी म्हनलं थांब. तुज्याच रीतीचं कुत्रं हाय, थांब.

आनि मग एक दिस मामा बसल्या बसल्या बोलाय लागलं. कुत्र्याशीच, पर आवाज असा, जसा कुनी लेकराला निजवतंय. म्हनलं, भुऱ्या, वाघ्याला मी कधी हातानं घास दिला न्हाई रं. लांबूनच फेकला. त्यानं फेकल्यालं खाल्लं, त्याचा काय दोष. घे रं लेकरा. आनि भुऱ्यानं घेतलं. मामा तसंच बसून ऱ्हायलं, हात मागंच, आनि त्यांचं खांदं हालत हुतं. मी तव्यावरची भाकरी करपू दिली पर उठले न्हाई. दुसऱ्या दिशी बाच्या संगं माहेरी गेले.

लेक झाली. पाऊस पडून माळ हिरवा झाल्यावर तिला घेऊन परत आले. लांबनं मेंढरं दिसली, मामा दिसलं, भुऱ्या दिसला, चांगला भरला हुता अंगानं. मी हाक मारली. त्यो उठला, कान टवकारलं, आनि आधी मामांकडं बघितलं. मामा म्हनलं जा, तुजी बाई आली. तवा आला, आनि मग काय, चाटून चाटून मला अन लेकीला बेजार केलं. पर आधी त्यांच्याकडं बघितलं. मला वाईट वाटलं का, वाटलं की. खोटं कशाला बोलू. ह्या हातावर वाढलेलं कुत्रं त्ये. पर मीच शिकवलं हुतं, आता रडून काय.

औंदा मामांच्या गुडघ्यांनी जवाब दिला. चालनं व्हईना, म्हनून त्ये गावातच ऱ्हायलं, आमी दोघं आनि लेक मेंढरं घेऊन निघालो. मालक परत आलेत खडीवरनं. निघताना मामा भुऱ्याला म्हनलं, जा रं, बाईसंगं जा, मेंढरं तुजी हायत, मी काय, मला कोन खातंय. भुऱ्या निघाला आमच्यासंगं. गावाच्या शिवंपातुर आला, वढ्याच्या कडंला थांबला. कळप म्होरं गेला आनि त्यो तिथंच. एकदा माज्याकडं बघायचा, एकदा मागं, मामा दारात काठी टेकून उभं. मालक म्हनलं, हाक मार की, येतोय त्यो. व्हय, आला आसता. माजी एक हाक पुरं हुती.

म्या न्हाई मारली. पदर नीट केला, लेकीला कडंवर घेतलं आनि चालाय लागले. जरा येळानं वळून बघितलं तर त्यो दाराकडं पळत हुता, चांगलं शेपूट वर करून.

आता ही पिल्ली हाय, हिला शिकवायची, येळ लागंल. म्हाताऱ्याला देव बरं ठिवो, आनि त्यालाबी. त्या घरात आता बोलायला कुनीतरी हाय.