मनीची जंताची गोळी

आमची मनी जेवेनाशी झाली, तेव्हाचं सांगतो. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. जंत झाले असणार म्हणून तिला पिशवीत घालून रत्नागिरीला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिचा फाटका कान बघितला आणि म्हणाले, "ही चंपी ना? बापूकाका सोमवारीच घेऊन आले होते. जंताची गोळी दिलीय हिला."

बापूकाका म्हणजे आमचे शेजारी. दोन आवारांमधल्या दगडी गडग्याच्या वादावरून आमचं सात वर्षं बोलणं बंद होतं. मनी मात्र गडगा ओलांडून त्यांच्याकडे जेवून येत होती.

"गोळी दर तीन महिन्यांनी द्यायची," डॉक्टर म्हणाले, "पण दोन्ही घरांनी दिलीत तर मांजराला सोसायचं नाही. आपसात बोलून ठरवा."

घरी येऊन गडग्यापाशी उभा राहिलो. "बापूकाका, मांजराला गोळी दिलीत?"

"दिली. बांगड्यातून खाल्लीन." आत जाता जाता म्हणाले, "पुढची तुमची."

मनी आणखी नऊ वर्षं जगली. दर तीन महिन्यांनी आम्ही बोलायचो, तेही गोळीपुरतंच.

ती गेल्यावर तिसऱ्या महिन्यात बापूकाका गडग्यापाशी आले. म्हणाले, "दुसरं मांजर कोण आणणार, तुम्ही की मी?"