विहिरीतला वाटा

यवतच्या थांब्यावर खुटबावच्या बसची प्रतीक्षा करीत असता, एक वृद्ध शेतकरी व त्यांची शाळकरी नात ऋतिका यांचे पुढील संभाषण माझ्या कर्णी पडले.

“रडलीस कशानं, ऋतिके?”

“बाईंनी फाळणीची गोष्ट वाचली, आबा.”

“फाळणी? कुणाच्या वावराची?”

“वावराची न्हाई, देशाची. एका मुलीचा भाऊ मारला. तिला गाव सोडावं लागलं.”

“मोजणीला कोण आलं हुतं?”

“काय म्हाईत. तिची विहीरबी पलीकडं गेली.”

“आन् विहिरीतला वाटा?”

“वाटा कसला, आबा!”

“म्हंजी? आम्ही भाऊ-भाऊ बोलत न्हाई, पर विहीर सामाईकच हाय की.”

“बाई म्हणल्या, त्या मुलीला काय म्हणाल ते उद्या वर्गात एका वाक्यात सांगायचंय. आज मला सुचलंच न्हाई. नुसती रडले, तर पोरं हसली.”

“मग सांग, विहिरीतला तुझा वाटा आम्ही राखलाय. कवाबी ये.”

“ती गोष्टीतली हाय, आबा.”

“आसंल. तहान तर लागती ना तिला?”

तेवढ्यात बस आली. ऋतिका ते वाक्य पुटपुटत पायरीवर चढली आणि थबकली.

“आबा, ‘आम्ही’ म्हंजी कोण?”

“आम्ही म्हंजी... चढ आधी. मागं माणसं हायेत.”