ताईच्या मारेकरी पेशी

...नाही, पण मी म्हणतो, माणसाला निदान त्याच्या स्वतःच्या अंगात तरी मोकळं सोडा ना! दुसऱ्या कुणाच्या पेशी मिळाल्याच नाहीत? ताईच्याच? आता बोला!

तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस. चौकड्यांचा शर्ट शिवला तर खिशाची रेघ छातीच्या रेघेशी जुळलीच पाहिजे, नाहीतर उसवून परत शिवतो. सगळा जन्म जुळवण्यात गेला. आणि हा रक्ताचा कॅन्सर, दोनदा औषधांनी घालवला तरी तिसऱ्यांदा हजर, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणतात, "काका, आता एकच उपाय उरलाय. दुसऱ्याच्या पेशी. पण जुळणाऱ्या नकोत हं, न जुळणाऱ्या हव्यात!"

न जुळणाऱ्या! धाकटा भाऊ बाही वर करून बसलेला, त्याचं-माझं सगळं जुळतं, तर त्याला म्हणाल्या, "तुम्ही बाही खाली करा." आणि थोरल्या ताईचा रिपोर्ट बघून काय खूश झाल्या हो! "वा! अगदी हवं तसं जुळत नाहीये!" अहो, हे मी पन्नास वर्षं सांगतोय, त्याला रक्त कशाला काढायला हवं?

म्हणे प्रत्येकाच्या रक्तात मारेकरी पेशी असतात, नॅचरल किलर. गस्त घालतात. समोर येईल तिला दरडावतात, ओळख दाखव! नाही पटली की खलास. माझ्या पेशींनी कॅन्सरवाल्यांना घरचेच म्हणून सोडून दिलं. माझ्यावर गेल्यात बिचाऱ्या... गिऱ्हाईक म्हणालं 'पोट वाढलं नाही हो माझं', की मान डोलावणाऱ्या! भावाच्याही तशाच, जुळतात ना! आणि ताई? पस्तीस वर्षं गणिताची मास्तरीण, परीक्षेत पोरांच्या मोज्यातल्या चिठ्ठ्या लांबून ओळखायची. डॉक्टरीणबाईंना म्हणते कशी, "माझ्या पेशींना कुणी फसवत नाही. तुम्ही फक्त आत सोडा." आता बोला!

चार तास मशीनला जखडून बसली. पासष्टीची बाई, दोन्ही हातांत सुया, आणि नर्सला सांगतेय, "पिशवीवर नाव नीट लिहा, काय ते अक्षर!" मग ती पिशवी, एवढीशी, माझ्या नळीला लावली आणि दुसऱ्या दिवशी असा ताप चढला की दात कडकड वाजायला लागले. मला काचेच्या खोलीत वेगळं ठेवलेलं, तर काचेपलीकडून ताईचा फोन, "चढू दे! काम चाललंय त्यांचं. तू मध्ये लुडबुड करू नकोस." माझ्या अंगात माझी लुडबुड?

खोटं कशाला बोलू, मी टरकलो होतो. ह्यानं नाही भागलं तर पुढे काहीच नव्हतं. अठ्ठाविसाव्या दिवशी तपासणी. ताई काचेपलीकडे वही घेऊन बसायची, एकदा म्हणाली, "अठ्ठाविसातले नऊ गेले, सतरा राहिले." सतरा! गणिताची मास्तरीण! मी चूक काढली नाही. मला तेव्हा ती इतकी जवळची वाटली की काय सांगू.

अठ्ठाविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाई हसतच आल्या. "काका, आज तरी हाडातल्या मगजात एकही वाईट पेशी दिसत नाही."

"आणि ताईच्या?"

"त्याही नाहीत. दोन-तीन आठवड्यांच्याच पाहुण्या त्या. काम केलं, संपल्या."

तुम्हाला सांगतो, मला रडूच फुटलं. नर्स म्हणाली आनंदाश्रू. कसले आनंदाश्रू! म्हटलं, "नीट बघा हो... एखादी तरी असेल कुठे कोपऱ्यात!"

घरी आलो तर दारात दोन बॅगा. ताई माझ्या शिलाई मशीनच्या स्टुलावर बसून बायकोला औषधांचं वेळापत्रक समजावतेय. मला बघून म्हणते, "पेशी गेल्या ना? मग आता लक्ष कोण ठेवणार? मी आलेय राहायला."

आता बोला! डॉक्टरीणबाईंनी पेशींची मुदत सांगितली होती... ताईची विचारायची राहूनच गेली.