गयाआक्का आणि हौदातलं चालणं

मंडळी, माझ्या थोरल्या जाऊबाईंना, आपल्या गयाआक्काला जाऊन आज दहा दिवस झाले. हातातली कामं टाकून तुम्ही सगळे आलात. अंगणवाडीत मी दिवसभर बोलत असते, बोलायला कधी घाबरले नाही. पण आज कुठं अडखळले तर सांभाळून घ्या.

आक्का सकाळी चहा घेता घेता गेली. हृदयविकाराचा झटका. डॉक्टरांनी तेच सांगितलं. तरी पारावर काय चाललंय? "अंगात बॅटरी हुती, रोज पान्यात उतरायची, बसला करंट!" अग्नी देण्याआधी डॉक्टरांनी तिच्या कमरेजवळची बॅटरी काढून घेतली. का? तर ती आगीत फुटते म्हणून. लोकांनी त्याचाच पुरावा केला.

मला राग येतोय. पण कुणावर रागावू? हे करंटचं पिल्लू पहिल्यांदा मीच सोडलं होतं.

हो, मीच. ऐका. आक्काची पाठ ऊसतोडीनं गेली. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, हंगामामागून हंगाम. पाठीचं ऑपरेशन झालं तरी कळ राहिलीच. मग नगरच्या डॉक्टरांनी मणक्याजवळ बारीक तार आणि कातडीखाली बॅटरी बसवायचं सुचवलं. त्यानं कळ दबते. आधी थोडे दिवस नुसती चाचणी होती, तार आत आणि यंत्र बाहेर. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पाणी अजिबात लागू देऊ नका." सोबत मी होते. मी ते पदराला गाठ मारून ठेवलं.

पुढं सगळं आत बसवलं. जखम पूर्ण भरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता पाण्यात हळूहळू चाला." त्या दिवशी मी नेमकी गेले नव्हते. आक्कानं घरी येऊन सांगितलं, तर मी तिचंच ऐकेना! हापशावर सांगत सुटले, पाण्यात करंट उतरेल, पोरांना आमच्या हौदाकडं फिरकू देऊ नका म्हणून.

शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद निसरडा, म्हणून तिनं विहिरीजवळचा सिमेंटचा हौद निवडला. छातीइतकं पाणी. दुपारी चारपर्यंत उन्हानं कोमट व्हायचं. लुगडं पायात गुंतायचं, म्हणून बाईनं जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला. हसलात ना तुम्ही? मीही हसले. आणि टँकरच्या गावात पाणी खेळायला घेते म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच. ती म्हणायची, "पानी वाया न्हाई जात, लिंबोनीलाच जातंय."

एकटीनं पाण्यात उतरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थोरले दीर काठावर बसायचे. एकदा ते आजारी पडले. आक्का काठावर पाय सोडून बसलेली, आणि मी लिंबोणीआडून बघतेय. तिनं मला पाहिलं. म्हणाली, "सुमन, ये की आत. बसला करंट तर दोघींना बसंल!"

मंडळी, मी उतरले. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. काही झालं नाही. नुसतं पाणी होतं.

काठ धरून गुडघे उचलायचे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं. उडी नाही, कंबर पिळायची नाही. सोपं वाटतं ना? तिला सगळ्यात जड गेलं ते हळू चालणं. ऊसतोडीच्या टोळीत हळू चालणाऱ्याला कोण विचारतं? पाण्यातही ती फड संपवायचा असल्यासारखी निघायची आणि मी ओरडायचे, "आक्का, गाडी भरायची न्हाई आज!" मग थांबायची, हसायची. एकदा म्हणाली, "आपुन जन्मभर पानी वाह्यलं. पान्यानं आपल्याला उचललं व्हतं व्हय कधी?"

दुखणं संपलं नव्हतं तिचं, खोटं कशाला बोलू? पण ती चुलीपाशी बसून भाकरी थापायला लागली होती. नातवाला मांडीवर घ्यायला लागली होती.

मंदा, तू मागं बसलीयस, मला दिसतेस. तुलाही डॉक्टरांनी हीच बॅटरी सुचवलीय. ठरलेली तारीख तू परवा मोडलीस, पारावरचं ऐकून. तुझ्या पाठीला काय चालेल, काय नाही, ते तुझे डॉक्टर सांगतील. मी नाही, पारही नाही. त्यांना विचार. नगरला मी सोबत येते. या खेपेला शेवटपर्यंत ऐकून घेईन.

आक्का, मी चुकले. तुझ्या हयातीत हे चारचौघांत बोलायला हवं होतं. बोलले नाही. माफ कर.

आता दोन मिनिटं उभं राहायची रीत आहे. पण या मंडपात मोळ्या वाहून पाठी गेलेल्या किती जणी आहेत, मला ठाऊक आहे. दुखतंय म्हणत नाहीत, भिंत धरून उठतात. आक्कासाठी आज कुणी उठू नका. बसा. पाठ टेका. आणि बसल्या जागी दोन मिनिटं गप्प राहू या.