पडलेली चांदणी

(परदेशातलं स्टेडियम. बायकांच्या रोलर डर्बीची, म्हणजे चाकांवरच्या धक्काबुक्कीच्या खेळाची, आंतरराष्ट्रीय स्पर्धा. प्रथमोपचाराच्या खोलीत वहिनी खाटेवर, गुडघ्यावर बर्फ. नणंद जमिनीवर बसलेली, डोक्यावर हेल्मेट, पायांत अजून चाकांचे बूट.)

नणंद : पाय हलवू नकोस म्हटलं ना! कुणाचं म्हणून ऐकायचं नाही.

वहिनी : मी नाही गं हलवत. तोच थरथरतोय.

नणंद : डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?

वहिनी : त्यांची भाषा मला कुठे कळतेय? नुसती मान हलवली. तेवढं कळलं.

नणंद : काय कळलं?

वहिनी : संपलं. घरच्या डॉक्टरांनी बजावलंच होतं, अजून एकदा पिरगळला तर चाकांचे बूट विसरा. आता जिना चढता आला तरी पुष्कळ.

नणंद : माझ्यामुळे झालं हे.

वहिनी : झालं तुझं सुरू!

नणंद : माझ्यामुळेच! शेवटचा डाव, आपण तीन गुणांनी मागे. त्यांच्या चौघींनी तुझ्यापुढे भिंत केलेली. तू चांदणीची टोपी हेल्मेटवरून काढून माझ्यापुढे धरलीस. चांदणी जिच्या डोक्यावर, गुण तिनेच मिळवायचे. मी पलीकडे मोकळी होते. एक फेरी मारून चौघींना ओलांडलं असतं की चार गुण. जिंकलो असतो आपण.

वहिनी : मग का नाही घेतलीस?

नणंद : तुझा शेवटचा सामना होता म्हणून. घरी गेल्यावर ऑपरेशन, मग कसलं खेळणं! वाटलं, शेवटचे गुण तुझेच असावेत. "तूच जा!" म्हणून ओरडले आणि हात मागे घेतला.

वहिनी : आणि टोपी पडली.

नणंद : पडलेली मला उचलता येत नाही, नियमच तसा. तू वाकलीस, आणि त्यांच्यातल्या त्या धिप्पाड बाईचा धक्का बसला. गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला, वहिनी. अजून कानात आहे.

वहिनी : रडू नकोस. नाही, रड. मलाही तुझा राग आलाय, खोटं कशाला बोलू? हा मोठेपणा कुणी मागितला होता तुझ्याकडे? पुढे केलेला हात नाकारायचा नाही, एवढं एकच शिकवलं तुला नऊ वर्षं.

नणंद : मार मला. पण अशी शांत बोलू नकोस.

बाई : (संघाच्या प्रशिक्षक, दारातून) चला गं, फोटोला बोलावतायत. हिला उचलूनच नेऊ.

वहिनी : तुम्ही काढून घ्या, बाई. आम्ही नाही येत.

बाई : बरं. रडूबाई, तिला पाणी दे आधी. आणि तुम्ही हो शिंपीणबाई! अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवता आणि स्वतःची टोपी मापाची शिवता येत नाही? दोनदा डोळ्यांवर आली. मी कडेला उभी राहून कपाळ बडवत होते.

वहिनी : चुकलं असेल माप.

बाई : तुमचं? माप? जाऊ दे. येते मी.

नणंद : खरंच सरकत होती. दर वर्षी घट्ट बसते तुला.

वहिनी : कुठाय ती?

नणंद : ही काय, मुठीत. टाकवतच नाही.

वहिनी : घाल.

नणंद : आता? सामना संपला गं.

वहिनी : घाल म्हणते ना. हेल्मेटवरून. मला बघू दे.

नणंद : घे. घातली. झालं समाधान?

वहिनी : सैल होतेय?

नणंद : नाही. अगदी नीट बसलीय. पण माझं हेल्मेट तर तुझ्यापेक्षा मोठं... वहिनी, ही उसवलीस तू?

वहिनी : थोडी.

नणंद : म्हणजे शेवटी टोपी मला द्यायची, हे आधीच ठरवलं होतंस? आणि मला वाटलं, तू हिंमत सोडलीस म्हणून टोपी देतेयस. सांगितलं का नाहीस गं?

वहिनी : सांगितलं असतं तर सामन्याआधीच रडत बसली असतीस, ठमे. मी दिली की तू घेशील, एवढंच धरून चालले होते.

नणंद : कधी उसवलीस?

वहिनी : निघायच्या आदल्या दिवशी. तू कामावर गेली होतीस, तेव्हा तुझ्या हेल्मेटचं माप घेतलं.