बाप मुंबई राज्यात, मी मध्यप्रदेशात

माहा जन्म उतईचा. पन गाव उतई नाई, हे पयलेच सांगून ठेवतो जी, कावून का सारं लफडं याच्यातूनच झालं. आमच्यात पयलं बाळंतपन माहेरी होते. मायचं माहेर उतई, दुर्गच्या जवळ, म्हनून मी तिथी मामाच्या घरी झालो, अन् दीड महिन्यानं माय मले मांडीवर घेऊन रेलगाडीनं आमगावले उतरली, तिथून बैलबंडीनं दोन कोस आमचं गाव. जिल्हा भंडारा. तवा दुर्ग काय अन् भंडारा काय, सारा मुलूख नागपूरच्या हाताखाली, एकच राज्य. मधात कोनती रेघ होती? मामा सकाळच्या गाडीनं येत, जेवून खाऊन संध्याकाळच्या गाडीनं वापस जात, अन् कोनी त्याइले विचारे नाई का तू कोन्या राज्याचा.

मंग भिलाईत कारखान्याचं काम निघालं. मामाचा निरोप आला का भाच्याले पाठवा, रशियाचे लोक आले हायेत, मानसं पुरून नाई राहिले. बाबा म्हने जा. बाबा म्हंजे माहा बाप, सीताराम, धानाच्या वावराच्या दोन बांध्या असलेला साधा मानूस, बोलाले कमी. मी वळकटी घेऊन उतईले मामाकडे आलो, अन् रोज सायकलनं कामावर. खलाशाचं काम, लोखंडी गर्डर दोरानं वर चढवाचे, वरून मानूस मुंगीएवढा दिसे. त्याचा भेव मले कधी वाटला नाई, खरं सांगतो. भेव वाटला कागदाचा.

झालं काय, ठेकेदाराकडून कारखान्यात पक्कं व्हाचा फारम भराचा होता. बाबूनं विचारलं पैदा कहां हुआ, मी म्हनलं उतई. बापका नाम, म्हनलं सीताराम. त्यानं लिहिलं, गोविंदा वल्द सीताराम, कायमचा राहनार उतई. मले वाचता येत होतं जी, मी पाहिलं, पन बोललो नाई. म्हनलं जन्म तिथलाच हाय, यात खोटं काय. एवढीच माही चुकी, तोंड उघडलं नाई.

अन् त्याच सालात, छप्पन साली, राज्यं बदलली. एका दिवसात दुर्ग मध्यप्रदेशात गेलं, राजधानी भोपाल, जे आमच्यातल्या कोनी डोळ्यानं पाहिलं नोतं. अन् भंडारा गेला मुंबई राज्यात. म्हंजे मी इकडे अन् माय-बाप तिकडे, घर हललं नाई, मानूस हलला नाई. चहाच्या टपरीवर लोक बोलाले लागले का आता बाहेरच्याइले काढनार, ज्याइच्या जमिनी कारखान्यात गेल्या त्याइलेच घेनार. त्याइचंही खरंच होतं बिचाऱ्याइचं. आमचा फोरमन सरदारजी हासे, म्हने अरे कारखाना दिल्लीचा हाय, दिल्लीले सारे सारखे, भोपालवाले कोन काढनारे? मले धीर आला. मंग तोच म्हने, हां, पन तुही तपासनी मात्र इथले पोलीस करतीन, पोलीस राज्याचे असतेत. झालं! दिल्लीची नौकरी अन् भोपालचा सिपाही. फारमात खोटं निघालं त नौकरी त जाईलच, वरून जेल.

मी मामाले म्हनलं, सिपाही आला त सांगजा का गोविंदा या घरचाच हाय. मामाचा जीव होता माह्यावर, लेकरू नोतं त्याले. सिपाही आला तवा मामानं छाती ठोकून सांगलं का गोविंदा माहाच पोरगा हाय. घ्या आता! फारमात बाप सीताराम, अन् घरी बाप दुसराच उभा.

ठान्यात बोलावलं. मामा बाहेर बाकड्यावर बसला, धोतर सावरत, अन् मी आत. दरोगा म्हने, तेरे बाप हैं कितने? सिपाही हासले. सीताराम म्हनलं त मामा पोलिसासमोर खोटा पडते, त्याले आत टाकतीन. मामा म्हनलं त... तुमीच सांगा काय म्हनाले पायजे होतं. मी म्हनलं,

"बाहर बैठे हैं, साहब. वही मेरे बाप हैं."

दरोगा म्हने, फिर सीताराम कौन? मी म्हनलं दूरचे नातेवाईक, भंडारा जिल्ह्यातले, मले वाढवलं, म्हनून नाव देल्लं. दरोगा म्हने ठीक, उससे पूछना पड़ेगा, मगर वो अपने राज में नहीं. कागद भोपालले जाईन, भोपालवरून मुंबईले, मुंबईवरून भंडाऱ्याले, अन् असाच वापस येईन.

आता काय सांगू तुमाले ते दिवस. कागद फिरत राहिला अन् मी मरत राहिलो. आमगावची गाडी पकडाची हिंमत नाई झाली, कोनी पाहिलं त? चिठ्ठी नाई लिहिली, तोच पुरावा झाला त? पोळ्याले बोलावनं आलं, नाई गेलो. बहिनीचं लगन झालं, भाऊ असून नाई गेलो. खाकी कपडा दिसला का मी गर्डरामागे लपत जाओ.

दुसऱ्या वर्षी बाबूनं बोलावलं. कागद आलता. वर हिंदी, खाली तिकडल्या सिपाह्यानं लिहिलेली मराठी, बाबू म्हने पढ. लिहिलं होतं,

"गोविंदा नावाचा माझा कोणी मुलगा नाही. तो उतईच्याच माणसाचा आहे. माझा त्याच्यावर काही हक्क नाही."

खाली अंगठा. बाबाच्या अंगठ्यावर विळ्याची आडवी चीर होती, तशीच्या तशी उमटली होती. बाबू म्हने चलो, मामला साफ, बापाचं नाव दुरुस्त करतो, तू पक्का झाला. मी तिथीच खाली बसलो. त्यानं पानी पाजलं, त्याले वाटलं खुशीनं चक्कर आली.

त्याच हप्त्यात गावी गेलो. माय दारातच रडाले लागली, म्हने मीच कावून गेली माहेरी बाळंतपनाले. तिनंच सांगलं, सिपाही आला तवा बाबानं विचारलं का पोराची काही चूक हाय का, तो म्हने तुहा निघाला त फारम खोटा, नौकरी जाईन. बाबा म्हने आना कागद. त्या दिवशी जेवला नाई म्हने. मी बाबासमोर उभा राहिलो. त्यानं विचारलं,

"पक्का झाला?"

"झालो."

"मंग हात धू, जेवाले बस."

बस. त्याच्यावर आमी दोघं जल्मात बोललो नाई. तो गेला, मंग मामा गेला, मुंबईचं महाराष्ट्र झालं, इकडे छत्तीसगड झालं, राजधानी भोपालवरून रायपूरले आली. मी रिटायर झालो तवा माईकवर नाव पुकारलं, गोविंदा वल्द मामाचं नाव, अन् मी उठून हार घेतला. आता भिलाईच्या सेक्टर दहात पोराच्या क्वाटरात राहतो. नातवाच्या दाखल्याले पनज्याचं नाव लागलं तवा मामाचंच चढलं. खरं सांगाचा भेव अजून वाटते जी, पेन्शन बंद केली त? ऐंशीच्या वर झालो, हासाल तुमी, पन वाटते.

पोराले मात्र एक सांगून ठेवलं हाय. माह्या दहाव्याले भटजी पिंड मांडन, अन् तुह्या आज्याचं नाव विचारन. तवा सीताराम म्हन. मोठ्यानं म्हन, बाप्पा. तिथी कोन्याच सरकारचा सिपाही येत नाई.