सुयांच्या डबीतली पावती

“काका, तुम्ही आमची पार्सलं उघडून बघता का हो?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून पोस्टाच्या खिडकीवर मी बेधडक विचारलं.

“रांगेत ये, मग सांगतो. आधी या शिंपीणताई.”

“साहेब, ही शिलाई मशीनची मोटर माझीच हो! ऑनलाइन मागवलेली, बिघडली म्हणून परदेशी दुरुस्तीला धाडली. परत आली तर नव्यासारखी कस्टम ड्युटी?”

“तिकडच्या कंपनीनं पार्सलच्या कागदावर दुरुस्तीचं लिहिलंच नाही, ताई.”

“मग जाऊ द्या परत! एवढे पैसे कुठून आणू? मशीन बंद, दोन महिने दुकानही बंद.”

“थांबा हो! धाडल्याची पावती आहे?”

“आहे ना, सुयांच्या डबीत. ही घ्या.”

“वा! मोटरचा नंबरही जुळतोय. इथे सही करा. अर्ज आजच कस्टमला पाठवतो. ड्युटी माफ झाली की मीच फोन करीन.”

“देवासारखे भेटलात! द्या तो हात, बाहीचं बटण लोंबतंय, लावून देते.”

“अहो, मागे रांग आहे!”

“थांबेल रांग. काय गं पोरी?”

“थांबेल की!”

माझा प्रश्न राहिलाच. धावत घरी आले.

“आई, बाबा, ठरलं! मोठी झाले की मी त्या खिडकीच्या आत बसणार. आणि आजपासून घरातली एकही पावती कुणी फेकायची नाही!”